आधी बोर्डिंग, मग आरक्षण

गेल्या मार्चमधली गोष्ट. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजातले सर आलेले, इंटर्नल मी. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका मुलाचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्राव सोडून दुसऱ्या द्रावातलं प्रमाण मोजणं, बघत मी जरा जास्तच वेळ रेंगाळलो. पहिलं रीडिंग ९.८, दुसरं ९.८, तिसरंही ९.८. फ्लास्कमधला गुलाबी रंग इतका फिका की खाली पांढरा कागद धरल्याशिवाय कळू नये, म्हणजे ब्युरेटमधून एक थेंबसुद्धा जास्त पडलेला नाही. चोवीस वर्षं मी हा विषय शिकवतोय. असा हात वर्षाकाठी एखाद-दुसऱ्याचाच असतो.

मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा झाली. सरांनी इंग्रजीत विचारलं, हाच इंडिकेटर का घेतला? मुलगा गप्प. तीव्र आम्ल आणि सौम्य आम्ल यांत फरक काय? ‘सर...’ एवढंच, पुन्हा गप्प. तिसऱ्या प्रश्नाला त्याने नजर पायाकडे नेली ती वर आणलीच नाही. दहापैकी तीन पडले.

दुपारी नळावर हात धुताना तो भेटला. म्हटलं, हात एवढा कुठं बसला रे? म्हणाला, ‘संस्थेत फॅट काढतो की सर, सकाळी.’ गावच्या दूध संस्थेत पहाटे साडेचारला त्याची ड्यूटी, आलेल्या दुधात फॅट किती ते मोजायची. आता मशीन आलंय, पण फॅट कमी लागली म्हणून कुणी कुरकुरलं की जुन्या पद्धतीनं काचेच्या नळीत करून दाखवावं लागतं. मी विचारलं, त्यात ॲसिड कशाला घालतोस? मुलगा एकदम सुटला. ‘दुधातलं बाकीचं जळाय पायजे सर, तवा फॅट सुटती. आधी ॲसिड, मग दूध कडंनं सोडायचं. एकदम ओतलं तर नळीतच उकळतंय, अंगावर येतंय. मग अल्कोहोल. त्यानं फॅटची रेघ साफ दिसती.’ दहा एमएल सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ एमएल दूध, एक एमएल अमाइल अल्कोहोल, सगळं तोंडपाठ. निक्लाउस गर्बर नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञाने १८९१ साली काढलेली ही पद्धत. हा मुलगा ती रोज उजाडायच्या आत करत होता आणि साडेअकराला आमच्याकडे रसायनशास्त्रात नापास होत होता.

मी जाऊन एक्स्टर्नल सरांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मार्कलिस्टवर सह्या झाल्या होत्या, सरांना गाडी गाठायची होती आणि खरं बोलायचं तर ते तीन मार्क नियमाला धरूनच होते. जो व्हायवात बोलत नाही त्याला तीनच पडतात. सर भले माणूस, कुणावर आकस ठेवून त्यांनी काही केलं नाही. कुणाचीही चूक नसताना हे असं घडतं, तेच तर मला या लेखात मांडायचं आहे.

विद्यापीठात कोण पुढे जातो, याची दोन ठरलेली उत्तरं आपल्याकडे आहेत. ‘हुशार असला की कुठूनही वर येतो’ हे स्टाफरूममधलं. ‘गरिबाला फी परवडत नाही, तेवढी माफ केली की झालं’ हे सरकारातलं. दुसऱ्या उत्तराला मी कमी लेखत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ओबीसी मुलांना शिष्यवृत्त्या आहेत, आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे, आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हे मोठं काम आहे. त्याचा परिणाम दारात दिसतोही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटातल्या लोकसंख्येशी प्रवेशांचं प्रमाण २८.४ टक्के निघालं. अनुसूचित जातींत ते २५.९ आणि जमातींत २१.२. दरी आहेच, पण आपण उंबऱ्यापर्यंत तरी आलोय.

आता उंबऱ्याच्या आतलं बघू. तीन वर्षांची पदवी कुणाला पाच वर्षं पुरत नाही, कोण एटीकेटीवर एटीकेटी घेत शेवटच्या वर्गापर्यंत रखडत येतो, कोण दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर दिसेनासा होतो, हे आम्ही मास्तर लोक पहिल्या सहामाहीतच जवळजवळ अचूक सांगू शकतो. अभिमानाने नाही सांगत. बारावीचे मार्क न बघता, मुलाशी पाच मिनिटं बोलून हे कळत असेल तर आम्ही नेमकं ओळखतो काय? बुद्धी तर पाच मिनिटांत कळत नाही. कळतं ते घर.

‘घर’ म्हटलं की लोक पैसा धरतात. तिथेच गल्लत होते. आमच्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या कुठल्याही बऱ्याशा गावात दोन घरं डोळ्यासमोर आणा. एक आठ एकर उसाचं. दारात ट्रॅक्टर, पोराच्या बुडाखाली बुलेट, कारखान्याचं बिल आलं की नवा मोबाईल. दुसरं प्राथमिक शिक्षकाचं. पगार ठरलेला, घराचं कर्ज चालू, गाडी जुनी. पैशात पहिलं घर चढ. विद्यापीठात मात्र दहातल्या आठ वेळा गुरुजींची पोरं पुढे. उसाच्या घरात बाप म्हणतो, ‘लागंल तेवढं घे, पण शिक.’ याहून जास्त त्याला काय सांगता येणार? दुसऱ्या वर्षाला अमुक विषय सोडला की एम.एस्सी.चं दार बंद होतं, हे त्याला ठाऊक नसतं. प्रॅक्टिकलचं जर्नल वेळेत सही करून घेतलं नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हेही त्याच्या कानावर कधी आलेलं नसतं. गुरुजी जेवताना सहज विचारतात, ‘सबमिशन कधी आहे?’ त्या एका प्रश्नाची किंमत कुठल्याही क्लासच्या फीपेक्षा जास्त आहे. शिवाय गुरुजींना माहीत असतं की ऑफिसातला क्लार्क ‘उद्या या’ म्हणाला की दुपारी पुन्हा जायचं असतं. पहिल्या पिढीतलं पोर खरोखर उद्या जातं, आणि तारीख गेलेली असते.

त्याच गावात तिसरंही एक घर असतं. त्या घरातले आजोबा पन्नास-साठ वर्षांपूर्वी बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले, बाबासाहेबांचं नाव घेऊन नोकरीला लागले. त्यांची नात आमच्या ऑफिसात येते तेव्हा तिला कुणी ‘उद्या या’ म्हणत नाही, कारण ती अर्जाची पोच मागते. जात शेजारच्या घरांचीच, गावातली जागाही पूर्वी तीच. पण घरातलं कुणीतरी आधी त्या वाटेने जाऊन आलेलं.

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. तो स्वतः पिरिनीज डोंगरांकडच्या खेड्यातला, पोस्टात नोकरी करणाऱ्या माणसाचा मुलगा; पॅरिसच्या मोठ्या विद्यालयात गेल्यावर त्याला जे बोचलं त्याचाच त्याने पुढे सिद्धांत केला. वरच्या घरातली मुलं जे घरी न शिकवता शिकतात, तेच विद्यापीठ ‘गुणवत्ता’ म्हणून मोजतं आणि ते कुठून आलं हे विसरतं, असं त्याचं म्हणणं थोडक्यात. पॅरिसचं माझ्या अनुभवाचं नाही. पण आमच्या व्हायवाच्या टेबलावर ते तंतोतंत लागू पडतं.

यात जात विरघळून जाते असं मात्र कुणी समजू नये. ‘आडनाव काय? गाव कुठलं?’ हा आमच्याकडचा व्हायवाचा सुरुवातीचा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला खरंच वाटतं की आपण पोराची भीती घालवतोय. काही पोरांची भीती जाते. काहींची तिथूनच सुरू होते. विद्यापीठाच्या लेखी पेपरवर नाव लिहायचं नसतं, बारकोड असतो. तोंडी परीक्षेला मात्र आपण आडनाव मागून घेतो. बैठक क्रमांक पुरत नाही का?

भाषेचं थोडं लांबवून सांगतो, कारण यावर कोल्हापूरकर म्हणून मला बोलायलाच हवं. दहावीपर्यंत मराठी, अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, ही उडी सगळ्यांना माहीत आहे. सेमी-इंग्रजीने ती थोडी कमी झाली, संपली नाही. पण इंग्रजीच्या अलीकडे मराठीतच एक पायरी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्याकडच्या बायका-मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी केलो’ म्हणतात. माझी आई आयुष्यभर तसंच बोलली. त्यात काही उणं आहे असं आम्हाला इथे कधी वाटत नाही. माझी एक विद्यार्थिनी, भुदरगडकडची, पहिल्या वर्गात पास होऊन एम.एस्सी.ला पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात वर्गात म्हणाली, ‘सर, मी सांगतो.’ वर्ग हसला. वाईट हेतूने हसला नसावा. हसायला हेतू लागतोच असं नाही. दिवाळीला ती मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, ‘आईशी फोनवर ‘येतो’ म्हणायचं, वर्गात ‘येते’ म्हणायचं. मधीच कधी तोंडातनं निघंल म्हणून मी वर्गात बोलतच न्हाई.’ तिथल्या सेमिनारला तिला किती मार्क मिळाले ते मी विचारलं नाही. दोन वर्षं वर्गात न बोललेल्या मुलीबद्दल तिथल्या प्राध्यापकांचं मत काय झालं असेल, ते विचारायची गरजच नव्हती. ‘हुशार आहे, पण पर्सनॅलिटी नाही.’ हे वाक्य मीसुद्धा शिफारसपत्रं लिहिताना मनात म्हटलेलं आहे.

अंतर्गत मूल्यमापन आलं, सेमिनार आले, ग्रुप प्रोजेक्ट आले, तेव्हा आम्हाला वाटलं, घोकंपट्टी संपली, आता ग्रामीण मुलांना बरं होईल. उलटं झालं असं माझं निरीक्षण आहे. घोकंपट्टीला काही झालं तरी घर लागत नव्हतं, कंदील आणि पाठांतर पुरत होतं. बोलायचे मार्क आले आणि घराचे मार्क वाढले. जुनी पद्धत परत आणा असं मी म्हणत नाही. जे मोजतोय ते आधी शिकवा, एवढंच.

आता वेळेचं बघा. चंदगड इथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे, तिथून रोज येणं कुणालाच शक्य नाही. गगनबावड्याकडची, राधानगरीकडची, शाहूवाडीकडची पोरं मात्र एसटीचा पास काढून रोज ये-जा करतात. मुक्कामाची गाडी पहाटे गावातून निघते ती चुकली की पहिला तास गेला. संध्याकाळचं प्रॅक्टिकल पाचला संपलं तर परतीच्या गाडीला धावायचं. लायब्ररी उघडी असते तेव्हा हे रस्त्यात. शहरात राहायचं तर राजारामपुरीत कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत चौघे-पाच जण, घरून एसटीतून येणारा डबा नाहीतर मेस. पोरींचं आणखी वेगळं. घरी पोचली की आधी चूल, म्हशीची धार, मग वही. पोरगा परीक्षेच्या काळात शेतावरून सुटतो, पोरगी स्वयंपाकातून सुटत नाही. आणि तिच्या तीन वर्षांवर नेहमी एक स्थळ टांगलेलं असतं. ‘चांगलं आलंय, पदवी काय लग्नानंतरही होती.’ होत नाही. दुसऱ्या वर्षाला हजेरीपटावरून पुसली जाणारी नावं बघा, त्यात पोरी किती आहेत ते मोजा.

शिष्यवृत्ती मिळते, पण ती परीक्षा झाल्यावर खात्यावर येते, कधी पुढच्या वर्षात. ज्याच्या घरात शंभर रुपये शिल्लक आहेत त्याला ती उशिरा आली तरी ती शिष्यवृत्तीच. ज्याच्याकडे नाहीत, त्याने तोवर पुस्तक घेतलेलं नसतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार-बँक जोडणी आणि ओटीपी या चक्रात पोराचे किती दिवस जातात, ते कुणी अभ्यासाच्या तासांतून वजा करत नाही.

इथे मला कोल्हापूरच्या इतिहासाची आठवण येते. आम्ही कोल्हापूरकर २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवा. मागासवर्गांसाठी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के राखीव ठेवण्याचा तो हुकूम निघाला तेव्हा शाहू महाराज इंग्लंडात होते. पण क्रम बघा. पहिलं मराठा बोर्डिंग, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, निघालं १९०१ साली. म्हणजे हुकुमाच्या आधी वर्षभर. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, मग मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग. दसरा चौकातून जाताना आजही त्या पाट्या दिसतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं ते १९१७ मध्ये, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. माझ्या वाचनात महाराजांचं द्रष्टेपण जितकं जाहीरनाम्यात आहे तितकंच, किंबहुना काकणभर जास्त, बोर्डिंगांतल्या त्या खाटांत आहे. नोकरीत जागा ठेवली आणि त्या जागेपर्यंत पोचणारा माणूस घडलाच नाही, तर जागा रिकामी राहणार आणि लोक म्हणणार, ‘बघा, लायक मिळत नाहीत.’ ते त्यांनी आधीच ओळखलं होतं.

बोर्डिंग जातवार होतं, हा आक्षेप रास्त आहे. त्या काळात एका पंगतीला कोण बसेल हा प्रश्न होता, आणि महाराजांनी आधी डोक्यावर छप्पर, मग पंगत, असं ठरवलं असावं. पंगत पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मोडली. भाऊराव हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे, १८८७ चा जन्म. कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर ‘आंघोळ कर’ म्हणून सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही आणि बोर्डिंग सोडावं लागलं. शिक्षणही इंग्रजी सहावीच्या पुढे गेलं नाही. आमच्या आजच्या भाषेत सांगायचं तर वाय.डी. झालेला, म्हणजे वर्ष वाया गेलेला मुलगा. त्याच माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, सातारच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहू-जेवू लागली, आणि पोरांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९२७ मध्ये गांधीजी त्या बोर्डिंगात येऊन गेले.

त्या बोर्डिंगांत पोरांना नेमकं काय मिळत होतं? भाकरी आणि घोंगडं तर मिळतच होतं. त्याबरोबर एक वेळापत्रक मिळत होतं, ज्यात म्हशीची धार नव्हती. संध्याकाळी सगळे वाचतात म्हणून आपणही वाचायचं, अशी सवय मिळत होती. शेजारच्या खाटेवर एक इयत्ता पुढचा मुलगा होता, ज्याला ‘हे कसं करायचं रे?’ विचारता येत होतं. आणि सुपरिटेंडेंट नावाचा एक माणूस होता जो गुरुजींच्या घरातल्या बापासारखा विचारायचा, अभ्यास झाला का? म्हणजे ज्या घरात हे नव्हतं त्या पोराला बोर्डिंगने दुसरं घर दिलं.

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या चमूने सहा लाखांहून जास्त शाळकरी मुलांची पाहणी केली. इमारती, प्रयोगशाळा, खर्च यांतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरातला फरक यशावर जास्त ठसा उमटवतो, आणि घराच्या खालोखाल सोबतची मुलं कोण आहेत ते महत्त्वाचं, असं त्यातून पुढे आलं. घर तर आपल्याला बदलता येत नाही. सोबत बदलता येते. हे शाहू महाराजांनी पाहणीशिवाय पासष्ट वर्षं आधी करून बघितलं होतं!

वेळेचंही तसंच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळच्या वेळेत, नोकरी करून शिकणाऱ्या पोरांसाठी. कॉलेज कधी भरावं हा त्यांना ऑफिसातल्या सोयीचा प्रश्न वाटला नाही. आमच्याकडे वेळापत्रक ठरतं ते मास्तरांच्या सोयीने. त्यात मीही आलो.

आता लोक म्हणतील, परिस्थितीवर मात करणारे असतातच की. असतात. दर वर्षी निकालाच्या दिवसांत पेपरात मथळा ठरलेला: ऊसतोड मजुराचा मुलगा अधिकारी, धुणीभांडी करणाऱ्या आईची लेक डॉक्टर. त्या पोरांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या आयांबद्दल त्याहून जास्त. पण हा मथळा छापण्याजोगा का असतो, एवढं विचारा. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर झाला ही बातमी होत नाही. क्वचित घडतं म्हणूनच ते छापलं जातं, आणि आपण ते वाचून ‘बघा, होतं की’ असा नेमका उलटा अर्थ काढतो. माझ्या वर्गातल्या कोपऱ्यातल्या पोराला तो मथळा काय सांगतो? त्याने केलं, तुला जमलं नाही, म्हणजे खोट तुझ्यात. पहाटे साडेचारला उठणाऱ्या पोराला ‘कष्ट कर’ म्हणणं हा विनोदच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो दर्जाचा. व्हायवा मराठीत घेतली तर पुढे इंग्रजीच्या जगात हा मुलगा काय करणार? प्रश्न खोटा नाही. माझं उत्तर असं की इंग्रजी शिकवावी लागेल, आणि रसायनशास्त्राचे मार्क कापून ती शिकवता येत नाही. सौम्य आम्ल म्हणजे काय हे ज्याला मराठीत नीट सांगता येतं, त्याला ते इंग्रजीत सांगायला सहा महिने पुरतील. ज्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही पण गाईडमधलं वाक्य पाठ आहे, त्याला आम्ही आज सात मार्क देतो. दर्जा कुठे घसरतोय ते ठरवा.

वसतिगृहं आजही आहेत, सरकारी आहेत, संस्थांची आहेत, विद्यापीठाचीही आहेत. जागा अपुऱ्या आहेत हे सगळे जाणतात. माझी तक्रार जागांच्या पुढची आहे. खाट राहिली, बोर्डिंग गेलं. आजचा वॉर्डन फाटक किती वाजता बंद झालं ते बघतो. अभ्यास झाला का हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही. वसतिगृह नाही मिळालं तर भत्ता खात्यावर जमा होतो. भत्ता चांगलाच, पण शेजारच्या खाटेवरचा सीनियर खात्यावर जमा होत नाही.

याला फार पैसा लागतो असं मला वाटत नाही. कमवा व शिका योजना हा तर आपल्या भागाचा अभिमान. त्यातल्या पोरांकडून आपण पुस्तकं लावून घेतो, झाडांना पाणी घालून घेतो. त्यातलेच काही तास, त्याच मानधनात, तिसऱ्या वर्षाच्या पोराने पहिल्या वर्षाच्या पाच जणांबरोबर बसावं, अर्ज कसा भरायचा, जर्नल कसं लिहायचं, कुठल्या विषयाने कुठलं दार उघडतं ते सांगावं, असं केलं तर? सीनियरला पैसे आणि मान, ज्युनियरला विचारायला माणूस. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा ‘त्यात काम झाल्याचं मोजायचं कसं’ असा प्रश्न आला. झाडांना घातलेलं पाणी कसं मोजता, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

आमच्या विभागापुरतं या सत्रात आम्ही एक केलं. प्रॅक्टिकलची सकाळी आठची एक बॅच उचलून साडेअकराला ठेवली, आणि व्हायवाची सुरुवात मुलाला हव्या त्या भाषेत, त्याने आत्ता हाताने काय केलं तिथून करायची, असं आपसात ठरवलं. दोन सहकाऱ्यांचं जेवण लांबलं, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. बॅच पंधरा जणांची धरली होती. पहिल्या दिवशी तेवीस आले. ब्युरेट कमी पडल्या, स्टोअरमधून जुन्या काढून धुवाव्या लागल्या. धुवायला तोच पुढे होता, संस्थेवरून थेट आलेला, शर्टाच्या बाहीवर ॲसिडची दोन भोकं.